अकरा पावलं

दसऱ्याला सोनं वाटून झालं की रखमाजी आपल्या उंबऱ्याला पाठ लावून उभे राहत आणि पाण्याच्या दिशेनं चालू लागत. पावलं मोजत. काठ आला की थांबत, खाली डोकावत, आणि परत येऊन बायकोला, ठकुबाईंना, आकडा सांगत. नव्या घरात आले त्या वर्षी एकेचाळीस पावलं होती. मी पांगारवाडीला मास्तर म्हणून रुजू झालो ते १९३५ साली. त्या दसऱ्याला एकोणीस होती.

आकडा ऐकून ठकुबाईंनी आपट्याची पानं देव्हाऱ्यात ठेवली आणि भाकरी करायला बसल्या.

पांगारवाडी भाटघरच्या वरच्या अंगाला, वेळवंडीच्या खोऱ्यात आहे. वेळवंडी आता उन्हाळ्याखेरीज दिसत नाही. नवं धरण झालं, पाणी चढलं, जुनी वाडी खाली राहिली. माणसं उतारावर चढली आणि तिथं घरं बांधली. त्या वेळी एका साहेबानं चुना फासलेले दगड पुरून दिले होते. पाणी या दगडापर्यंत येईल, पुढं यायचं नाही, असं तो म्हणाला. ते खरं ठरलं. पाणी दगडाच्या वर कधीच आलं नाही. दगडच एकेक करून खाली गेले.

मी भोरचा. गावात नदी पाहिलेली, विहीर पाहिलेली. तलाव जमीन खातो हे मला ठाऊक नव्हतं. रखमाजींनी ते मला एका सकाळी दाखवलं. भादव्यात तलाव काठोकाठ भरतो. पश्चिमेचा वारा त्यावरून येतो आणि लाटा उठवतो. लाटा मोठ्या नसतात, वीतभर. पण त्यांना सुट्टी नसते. वरची तांबडी माती जरा धरून असते, खालचा थर भुसभुशीत. लाटा खालचं नेतात. वरचं तसंच अधांतरी लोंबत राहतं. माघ-फाल्गुनात पाणी उतरलं, आधार गेला, की एके दिवशी ते गवतासकट बसतं.

"पानी भरल्यावर खातंय," रखमाजी म्हणाले, "आन उतरल्यावर ढेकर देतंय."

ते तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. ठेंगणे, खांद्यानं रुंद. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं. ते कधीतरी दगडाखाली गेलं होतं. त्यांचा हातखंडा ताल रचण्यात होता. उतारावर भाताची खाचरं करायची तर खालच्या बाजूला दगडांची कोरडी भिंत लागते. तिला इकडे ताल म्हणतात. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. पार पालीपासून माणसं त्यांना बोलवायला येत. ते दगड एकदाच उचलत. उचलण्याआधी बघत बसत. उचलला की तो कुठं जाणार हे ठरलेलं असे.

मी रविवारी त्यांच्याजवळ जाऊन बसू लागलो. वाडीत बोलायला दुसरं कोणी नव्हतं असं नाही, पण त्यांच्याजवळ न बोलताही बसता येई. एकदा मी मदत म्हणून एक दगड रचला. त्यांनी तो काढला.

"पुस्तक मांडल्यावानी मांडू नका, मास्तर. दगडाला पोट आसतंय, तोंड आसतंय. पोट आत घ्याचं."

"तोंड कुठलं ते कसं कळायचं?"

"तुमाला पोरांचं कसं कळतंय?"

ठकुबाईंची गोष्ट मला शेजारच्या गेनबानं सांगितली. गेनबा रखमाजींच्या वयाचा, जुन्या वाडीतही शेजारीच होता. वाडी उठली त्या दिवशी सगळ्यांच्या बैलगाड्या भरल्या. ठकुबाई चुलीपाशी बसून राहिल्या. शेवटी उठल्या, चूल फोडली, तिची माती टोपलीत भरली आणि टोपली डोक्यावर घेऊन उतार चढल्या. नव्या घरात ती माती ओली करून चूल घातली. मग नवऱ्याला म्हणाल्या, "मी एकदा उठले. आता हितनं उठवायचं ते चौघांनी खांद्यावर." रखमाजी "बरं" म्हणाले.

"तेवडंच?" मी गेनबाला विचारलं.

"रखमाचं बरं म्हंजी स्टांपावरलं आसतंय," गेनबा म्हणाला.

त्यांनी आधी काठावर निर्गुडी लावली होती. ती जमिनीबरोबर गेली. मग बाभळीच्या फांद्या रोवून त्यात कारवीचं कूड विणलं. एक पावसाळा टिकलं. मी आलो त्या वर्षी दसऱ्यानंतर ते बराच वेळ काठावर बसले आणि म्हणाले की आता ताल घालायचा. पाण्याला ताल.

वाडीत हसू झालं. गेनबा ओसरीवरून ओरडला, "रखमा, तळ्याला दावं बांधतूस व्हय?"

"तुज्या तोंडाला बांधलं आसतं. पन गाठ मारायला जागा न्हाई."

पण शिमगा झाल्यावर पाणी खाली गेलं तेव्हा पहिला दगड उचलायला गेनबाच आला. मागोमाग सात-आठ घरं आली. घर सगळ्यांचंच काठावर होतं.

दगड आणायला लांब जावं लागलं नाही. चैत्रात तलाव आटत जातो आणि जुनी वाडी वर येते. चिखलातून घरांची जोती दिसू लागतात. प्रत्येकानं आपापल्या जोत्याचे दगड काढले. दुसऱ्याच्या जोत्याला कोणी हात लावला नाही. म्हसोबाच्या जुन्या ओट्यालाही नाही. देव वर आणला होता, तरी ओटा त्याचाच. रखमाजींनी स्वतःच्या न्हाणीचा दगड काढला तेव्हा ठकुबाई पाणी घेऊन आल्या होत्या. मधे झिजून खळगा पडलेला काळा दगड. त्यांनी त्यावरून हात फिरवला.

"ह्यो घरासमूर लावा," त्या म्हणाल्या.

"लावतो."

काम म्हसोबाच्या बाजूनं सुरू झालं. नवा म्हसोबा वाडीच्या उत्तर टोकाला, काठालगत आहे. रखमाजींचं घर दक्षिण टोकाला. या भागात कुठलंही काम देवापासून सुरू करतात. पेरा असो, लावणी असो, भिंत असो. पहिल्या उन्हाळ्यात भिंत निम्म्यावर आली आणि पाऊस आला. देवाकडचा काठ वाचला. रखमाजींच्या दाराकडचा गेला. दसऱ्याला चौदा पावलं. हिवाळ्यात पाणी उतरताना आणखी तीन गेली.

दुसऱ्या उन्हाळ्यात भिंत पुरी झाली. साठ पावलं लांब, दोन पुरुष उंच, काठाकडं जरा झुकलेली. न्हाणीचा दगड रखमाजींच्या दारासमोर, छातीच्या उंचीवर बसला. मी तिच्याकडं खालून पाहिलं आणि मला वाटलं की मी शिकलेल्या सगळ्यापेक्षा हे जास्त आहे. तसं मी बोललो नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

तो पावसाळा भिंत उभी राहिली. पण भादव्यात एक गोष्ट दिसू लागली. लाट भिंतीत शिरे आणि परत येताना गढूळ होऊन येई. दगडांच्या फटींतून मागची माती चमचा-चमचा बाहेर जात होती. भिंतीमागच्या अंगणात परातीएवढे खड्डे पडले. दसऱ्याला पावलं अकराच भरली, पण शेवटचं पाऊल टाकताना जमीन दबली.

"गळतंय," गेनबा म्हणाला. सगळेच म्हणाले.

इथं हे सांगायला हवं की खाचरातल्या माणसाला गळती सहन होत नाही. बांधाला खेकड्यानं बोटाएवढं बीळ पाडलं तरी सकाळपर्यंत खाचर रिकामं होतं, आणि रोप वाळतं. म्हणून भोक दिसलं की ते बुजवायचं, हे इथं चालायला लागल्यापासून शिकतात. रखमाजीही तेच शिकले होते. त्यांचे ताल आयुष्यभर वरचं पाणी अडवण्यासाठी होते. गळणारी भिंत त्यांच्या लेखी भिंतच नव्हती.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी नसरापुराहून चुना आणवला. त्यात विटांचा भुगा कालवला. आधी फटींत दगडी कपच्या ठोकल्या, मग वरून चुना भरला. आठ माणसं, दीड महिना. मीही सुट्टीत भोरला न जाता राहिलो आणि चुना कालवला. माझे हात सोलवटले. ठकुबाईंनी खोबरेल दिलं. भिंत गुळगुळीत झाली. तळहात फिरवला तर कुठं नख अडकत नव्हतं.

१९३८ च्या पावसाळ्यात चिमूटभर माती गेली नाही. लाट येई, आपटे, स्वच्छ परत जाई. दसऱ्याला रखमाजी उंबऱ्यापासून निघाले. अकरा. ते वळून आले आणि ठकुबाईंना म्हणाले, "अकरा. गेल्या साली व्हती तेवडीच."

ठकुबाई हसल्या. मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं.

मार्गशीर्षात धोंडाबाई आली. ही बाणकोटच्या खाडीकाठची. दर वर्षी वरंध्याच्या घाटानं सुके बोंबील आणि सुकट घेऊन वर येई आणि वाडी-वाडी करत जाई. टोपली उतरवून ती भिंत बघायला गेली. तिला अशा कामात रस होता. वरून ओणवं होऊन तिनं पार शेवटपर्यंत पाहिलं.

"झ्याक झाली," ती म्हणाली. "उघाडी कुठं ठेवलीत?"

"उघाडी म्हंजी?" रखमाजींनी विचारलं.

"आमच्याकडं खाडीच्या बांधाला तोंड ठेवतात. भरतीला मिटायचं, ओहोटीला उघडायचं. खारं पाणी आत येऊ नये हे खरं. पण आलेलं बाहेर नको जायला? बांध तटतटून फुटेल."

"ती तुजी खाडी," गेनबा म्हणाला. "हितं कुटली आलीया भरती-ओहोटी?"

"आहे की. आमची दिवसातून दोनदा. तुमची वर्षातून एकदा. भादव्यात भरती नि माघात ओहोटी."

"बोंबील मोज, बाई. उनं उतरली."

सगळे हसले. रखमाजीही हसले. पण ती गेल्यावर ते पुन्हा भिंतीकडं गेले. मी पाहिलं की त्यांनी वरच्या थरावर हात ठेवला, जसा बैलाच्या पाठीवर ठेवतात. मग घरी आले.

त्या वर्षी खालच्या मुलखात हस्त नक्षत्र कोरडं गेलं होतं. कालव्यांना पाणी लवकर लागलं. एरवी तलाव सावकाश उतरतो. यंदा रोज हातभर खाली जाऊ लागला. पौषाच्या शेवटी भिंतीचा पाया उघडा पडला. बाहेर कोरडं ऊन. भिंत पांढरी, चमकत होती.

माघात एका सकाळी मी शाळेत जाण्याआधी त्यांच्याकडं गेलो. घर आणि काठ यांच्या मधे, अंगणात, एक भेग दिसली. काठाशी समांतर. बोट जाईल एवढी. मला वाटलं उन्हानं जमीन तडकली असेल. तसंच मी त्यांना सांगितलं, बोलता बोलता, चहाचा पेला हातात घेऊन.

"अंगणात उन्हानं भेग पडलीय."

रखमाजी उठले. भेगेपाशी बसले. हात उभा करून आत घातला, कोपरापर्यंत. बाहेर काढला. हात चिखलानं माखलेला होता. बोटांवरून पाणी ठिपकत होतं.

माघ महिना. तलाव तीन पुरुष खाली. आणि जमिनीच्या पोटात पाणी.

ते हाताकडं बघत राहिले. मग भिंतीकडं बघितलं. मला अजून काही कळलं नव्हतं.

"मासळीवाली बरूबर बोलली," ते म्हणाले. "डोंगरावरनं मुरलेलं पानी आत कोंडलंय. भाईरचा रेटा गेला. आता त्ये भिताड लोटनार."

त्यांनी पहार घेतली. घण घेतला. आम्ही वळसा घालून भिंतीच्या पायथ्याशी उतरलो. खालून पाहिलं तर त्यांच्या घरासमोर, न्हाणीच्या दगडाच्या आसपास, भिंतीला पोट आलं होतं. फार नाही. भरल्या पोत्याएवढं.

ते त्या पोटाकडं गेले नाहीत. उत्तरेकडं चालू लागले, म्हसोबाच्या टोकाकडं.

"इकडून सुरू करा ना," मी म्हणालो. "घराकडून."

"काम देवापास्नं सुरू करत्यात, मास्तर."

"पण फुगलीय ती इथं."

"दिसलं मला."

मी वाद घालायला हवा होता. ते चाळीस वर्षं ताल घालत होते आणि मी चार वर्षांपूर्वी परीक्षा दिली होती.

म्हसोबाच्या खाली त्यांनी गुडघ्याच्या उंचीवर पहार लावली. चुना फोडला, कपची उपसली, आणखी एक. पाणी आलं. आधी घामासारखं, मग मनगटाएवढी धार, तांबडी. त्यांनी धारेला हात लावून कपाळाला लावला आणि पाच पावलं पुढं सरकले. दुसरं भोक. तिसरं. पहिल्यातून आता कमी गढूळ पाणी येऊ लागलं. मला बरं वाटलं. मी मोजत होतो. साठ पावलांची भिंत, बारा भोकं लागतील. सातव्याला ते थांबले. धाप लागली होती.

"गेनबाला बलवा. दुसरी पहार घिऊन यायला सांगा. तवर मी आठवं काढतो."

मी वर गेलो. गेनबा गोठ्यात होता. पहार शोधायला त्याला वेळ लागला. दोघं बाहेर आलो तेव्हा आवाज आला. गाडीभर दगड एकदम ओतावेत तसा, आणि त्यामागून दुसरा, मऊ आवाज. मग काही नाही.

घराच्या दारात ठकुबाई उभ्या होत्या. त्यांच्या पायापासून चार पावलांवर अंगण संपत होतं.

सातव्या भोकापर्यंतची भिंत जशीच्या तशी उभी होती. तिथून पुढं भिंत नव्हती. तांबड्या चिखलाचा उतार होता आणि त्यात दगड. वाडीतली सगळी माणसं खाली धावली. हातानं दगड बाजूला काढू लागली. गेनबाला एका दगडातला खळगा दिसला. त्यानं तो उचलला आणि माणसांच्या आड नेऊन पालथा टाकला, ठकुबाईंना दिसू नये म्हणून. त्या वर काठावर होत्या. त्यांनी पाहिलं होतं.

दुपारपर्यंत रखमाजी सापडले. पहार हातातच होती.

चौघांनी त्यांना उचललं. गेनबा पुढं उजव्या बाजूला होता. मी मागं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो तर घराची पुढची भिंत तिरकी झाली होती. ओसरीचा एक खांब हवेत होता. गेनबा ठकुबाईंना म्हणाला, "वयनी, उठा आता." मला वाटलं त्या नाही म्हणतील. आम्ही सगळेच त्या तयारीनं गेलो होतो. त्या उठल्या. आत गेल्या. चुलीपाशी बसल्या. मी टोपली घेऊन मागं उभा राहिलो.

त्यांनी चुलीला हात लावला नाही. थोड्या वेळानं पदर सावरला आणि रिकाम्या हातानं बाहेर आल्या.

"माती, मावशी?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे."

खांद्यावर ते गेले होते. त्या चालत निघाल्या. संध्याकाळच्या आत घर खाली बसलं.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली भोरला झाली. यंदाच्या माघात मी पांगारवाडीला गेलो. म्हसोबाकडची भिंत उभी आहे. गेनबा दर आठ दिवसांनी वेळूची काठी घेऊन खाली उतरतो आणि सातही भोकं मोकळी करतो. वाडीतलं कोणी ती बुजवत नाही. गेनबानं भिंतीच्या मोडक्या टोकाला पाच हात नवी भिंत जोडली आहे. चुना लावलेला नाही. आत भिंतीमागं मातीऐवजी बारीक मुरूम आणि गोटे भरलेत, म्हणजे पाणी येईल पण माती जाणार नाही.

"हे कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोनी न्हाई. बघत बसलू, तवा सुचलं." मग म्हणाला, "त्येला आदी सुचलं आसतं. पन त्येला बसू कुटं दिलं आमी. गळतंय, गळतंय म्हनून कान खाल्लं."

ठकुबाई वरच्या आळीत पुतण्याकडं राहतात. मी गेलो तेव्हा सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला गूळ-पाणी दिलं. आईची, लग्नाची चौकशी केली. काठाकडं त्या जात नाहीत, हे मला गेनबानं आधीच सांगितलं होतं.

मी निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, "पानी सुटतंय का?"

"सुटतंय."

"समद्या साती भोकांतनं?"

"सगळ्या."

"देवाकडचं भिताड हाय म्हना."

"आहे."

"देवानं आपलं तेवडं राखलं," त्या म्हणाल्या, आणि सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला.